पडवीचे मरण आणि आपले रडगाणे

१

दिवाळी अंक चाळताना एक लेख दरवर्षी भेटतो. लेखकाचे नाव बदलते, गावाचे नाव बदलते. लेख तोच असतो. लेखक पुष्कळ वर्षांनी गावी जातो. पूर्वी तो एसटीतून उतरत असे, अलीकडे स्वतःच्या मोटारीतून उतरतो. पाणंद संपते, बेडे उघडते आणि समोर पाहतो तो काय, पडवी नाही! पडवीच्या जागी भिंत आहे, भिंतीत अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आहेत आणि खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. लेखक गलबलतो. मग झोपाळ्याच्या कड्या करकरू लागतात, कंदिलाची काच काळवंडू लागते, आजोबांचा अडकित्ता वाजतो, पागोळ्या गळू लागतात. शेवटच्या परिच्छेदात माणसे दुरावली असल्याचे आणि घरांनी दारे मिटून घेतल्याचे आपल्याला कळवले जाते. त्याखाली नारळाच्या झाडाचे रेखाचित्र असते.

हा लेख मी वर्गात अनेकदा शिकवला आहे. कबूल करायला हरकत नाही, पंधरा-सोळा वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या वार्षिकांकात तो एकदा लिहिलाही आहे. तेव्हा पुढे जे कठोर लिहिणार आहे ते मीही ऐकते आहे, असे समजावे.

निमित्त असे घडले. आमच्या माहेरच्या घराची पुढची पडवी आम्ही बंद करून तिची बारमाही वापरता येईल अशी खोली केली. ही बातमी आमच्या प्राध्यापक-कक्षात पोचली तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि मनापासून दुखावल्या स्वरात ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही मराठीच्या. निदान तुम्ही तरी पडवी ठेवायची होती.”

इतिहासाच्या किंवा रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला हे कुणी म्हटले नसते. मराठी शिकवणाऱ्या बाईवर पडवी जपण्याची जबाबदारी नेमकी कुठून येते, याचा विचार मी तेव्हापासून करते आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : पडवी ही आपल्या ललित गद्याने रचलेली एक सोयीची कल्पना आहे. प्रत्यक्षातल्या पडवीशी तिचा संबंध फार थोडा. आणि ज्यांचा प्रत्यक्ष पडवीशी सर्वांत जास्त संबंध आला, त्यांनी हा लेख कधी लिहिलेला नाही.

२

आधी प्रत्यक्ष पडवीविषयी. आमचे घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून दोन-अडीच मैलांवर. घर जांभ्या दगडाचे, पश्चिमेकडे तोंड केलेले, मंगलोरी कौलांचे. अंगणातून एक पायरी चढले की पडवी, पडवीतून दोन पायऱ्या चढले की ओटी, ओटीमागे माजघर, त्याच्या एका अंगाला देवघर, मागे स्वयंपाकघर, आणि सर्वांत मागे पुन्हा एक पडवी. तिच्या टोकाला न्हाणी. कोकणातल्या मध्यम स्थितीच्या ब्राह्मण घराचा हा रूढ नकाशा आहे.

पुढच्या पडवीची पागोळी जमिनीपासून जेमतेम साडेपाच फुटांवर. आत येताना मान वाकवावी लागे. या वाकण्यावर किती लेखकांनी किती सुंदर वाक्ये लिहिली आहेत! म्हणे घर माणसाला नम्रता शिकवी. घर कुणाला काही शिकवत नव्हते. दापोलीला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत आणि वाऱ्यासकट. तो सरळ पडत नाही, तिरपा येतो. छप्पर उंच ठेवले तर झड थेट ओटीवर येते. म्हणून ते खाली ओढायचे. पडवीचे पहिले आणि मुख्य काम पाऊस अंगावर घेणे हे होते. आतल्या भिंती कोरड्या राहाव्यात म्हणून घराने बाहेर धरलेला हा हात होता, आणि तो भिजण्यासाठीच धरलेला होता.

म्हणूनच पावसाळ्यात तिच्यात बसायची सोय नसे. ज्येष्ठात झावळ्यांचे झाप सुंभाने बांधून तिची उघडी बाजू झाकत. मग आत दिवसाही अंधार. तिथे सरपण, गोवऱ्या, इरली, नांगराचे सामान आणि कुत्रे यांची वस्ती असे. पुढे १९८६ साली माझ्या वडिलांनी लाकडी चौकटी ठोकून त्यांवर तारेची जाळी बसवली. माकडे आत येऊ नयेत, डास कमी व्हावेत आणि वर्षातून आठ महिने तरी तिथे अंथरूण टाकता यावे, हा हेतू. खारा वारा लोखंडाला फार दिवस जगू देत नाही. पाच-सात वर्षांत जाळी तांबूस झाली, मग ठिकठिकाणी फाटली. वडील तिला ठिगळे लावत राहिले. ते गेल्यावर ठिगळे लावणारेही कुणी उरले नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर आले आणि मंडणगड-दापोलीतल्या नारळी-पोफळीच्या बागा त्याने आडव्या केल्या. आई घरात एकटी होती. टाळेबंदीचे दिवस. तीन दिवस तिचा फोन लागला नाही. चौथ्या दिवशी शेजारच्या मुलाने टेकाडावर जाऊन फोन केला तेव्हा कळले, की पडवीचे छप्पर उचलले गेले, चौकटी जाळीसकट अंगणात जाऊन पडल्या आणि आईने ती दुपार माजघरात, देवघराच्या दाराला पाठ लावून काढली. माजघराला काही झाले नाही. पडवीने आपले काम चोख केले होते.

त्या वेळी आईचे वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे गेलेले. माजघर काळोखे आणि ओटीवरून न्हाणीपर्यंत जायला चार उंबरे. तिला एकाच पातळीवरची, उजेडाची, कोरडी, रात्री कडी लावता येईल अशी जागा हवी होती. पडवी होती तशी पुन्हा बांधावी की तिची खोली करावी, एवढाच प्रश्न होता. तो सोडवायला अर्धा दिवसही लागला नाही. मी आईला भीतभीत विचारले, “पडवी गेल्याचं वाईट वाटेल का गं?” ती म्हणाली, “कुठली पडवी? पुढची की मागची?”

या प्रतिप्रश्नाने माझा जुना लेख मुळापासून उखडला.

३

कारण आपल्या ललित लेखांत एकच पडवी असते आणि ती नेहमी पुढची असते. झोपाळा, पानाचा डबा, वर्तमानपत्र, सल्लामसलत, गावकीच्या गप्पा, हे सगळे पुढल्या अंगाचे. ते पुरुषांचे होते, हे सांगायला नको. मागची पडवी या लेखांत येत नाही. आली तर जाते फिरते आणि लाडू वळणारी आजी एवढेच सोबत घेऊन येते.

मागच्या पडवीत काय चाले? भात कांडणे, भांडी घासणे, फणस फोडणे, हे तर होतेच. पण कावळा शिवला की घरातली बाई तिथेच बसे. चार दिवस. एक चटई, एक घोंगडी, एक तांब्या. पुढच्या पडवीला जे झाप बांधत ते मागच्या पडवीला बांधत नसत; तिथे कोण बसायचे होते! माझी आई लग्न होऊन त्या घरात आली तेव्हापासून आजी असेतो, म्हणजे पंधराएक वर्षे, दर महिन्याला चार दिवस त्या पडवीत बसली. श्रावणातही बसली. धाकट्या काकूला तिथेच हिवताप भरला, तेव्हा तिला आत घ्यावे की चौथा दिवस होऊ द्यावा यावर पुढच्या पडवीत चर्चा झाली. ती चर्चा बहुधा झोपाळ्यावर बसून झाली असेल. कड्या करकरल्या असतील.

खोली बांधायची ठरली तेव्हा एका नातलगांनी आईला पडवीची थोरवी सांगितली. आई म्हणाली, “चार दिवस बसून बघायचं होतंत त्या पडवीत. मग थोरवी सांगायची होती.” यावर वाङ्मयीन टीका म्हणून मला काही जोडता येत नाही.

आणि पुढची पडवी तरी सर्वांना मोकळी होती का? अंगणात कोण थांबणार, पायरीपर्यंत कोण येणार, पडवीत कोण टेकणार, ओटीवर कुणाला पाट मिळणार, माजघरात कोण शिरणार, हे ठरलेले होते. घराचा नकाशा हाच जातीचा नकाशा होता. प्रत्येक पायरी म्हणजे एक प्रश्न आणि त्याचे उत्तर विचारण्याआधीच ठरलेले. ज्या जागेला आपण मोकळेपणाचे प्रतीक म्हणून मिरवतो ती खरे तर निवड करण्याची जागा होती. आत घ्यायचे नाही आणि हाकलायचेही नाही, अशा माणसांसाठी ती केलेली होती.

हे मी माझ्या पदरचे सांगत नाही. मराठी साहित्यातच ते लिहिले गेले आहे. फक्त तो लेख निराळ्या माणसांनी लिहिला. ऊर्मिला पवारांचे ‘आयदान’ २००३ साली आले. पुस्तक रत्नागिरीकडचे, म्हणजे आमच्याच मुलखाचे. आईने विणलेली आयदाने घेऊन मुलगी सवर्णांच्या घरी जाते. तिला आत जाता येत नाही. ती टोपल्या खाली ठेवते, त्यांच्यावर पाणी शिंपडले जाते, मगच त्यांना हात लागतो; आणि पैसे तिच्या हातावर वरून टाकले जातात. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये (१९८६) फलटणकडच्या महार बायका लाकडाच्या मोळ्या विकायला ब्राह्मणांच्या दारी जातात, तिथेही तीच रीत : लांब उभे राहणे, पाण्याचा शिंतोडा, वरून पडणारे पैसे. दोन्ही ठिकाणी टोपली आणि लाकूड घराच्या आत जाते, वापरले जाते. माणूस तेवढा बाहेर राहतो.

दिवाळी अंकातल्या लेखात पागोळ्यांचा आवाज असतो. त्या नाण्यांचा नसतो. आणि दोन्ही आवाज एकाच जागेतले आहेत.

४

परदेशातले उदाहरण देऊन मुद्दा भारी करण्याची आपल्याकडे खोड आहे. तरी एक देते, कारण ते इथे खरोखरच लागू पडते. अमेरिकेत घरापुढे ‘पोर्च’ असे. त्याला डासांसाठी जाळी लावत. पुढे ती जीर्ण झाली की काचा बसवून बारमाही खोली करत. आणि तिथेही याच गोष्टीवर गळा काढणारे लेखन विपुल झाले. रिचर्ड थॉमस यांनी १९७५ मध्ये ‘फ्रॉम पोर्च टू पॅटिओ’ या निबंधात घराचे तोंड रस्त्याकडून मागच्या अंगणाकडे कसे वळले याचे विवेचन केले. मोटार, दूरचित्रवाणी, वातानुकूलन ही कारणे तेव्हापासून सर्वतोमुखी आहेत. शेजार संपला, हा त्या हळहळीचा ध्रुवपद.

पण याच पोर्चविषयी मराठीच्या विद्यार्थ्यांनीही वाचावी अशी कादंबरी आहे ती झोरा नील हर्स्टन यांची ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’ (१९३७). फ्लोरिडातले ईटनव्हिल हे कृष्णवर्णीयांनी वसवलेले गाव. दुकानाच्या पोर्चवर पुरुष जमतात, थापा मारतात, किस्से रंगवतात. भाषेचा नुसता उत्सव चाललेला असतो. जेनीला त्यात भाग घ्यावासा वाटतो, आणि तिच्या नवऱ्याने तिला नेमकी तीच मनाई केलेली असते. लोककथेचे जे माहेरघर, तिथे बाईला तोंड उघडायची परवानगी नाही. हर्स्टन त्या पोर्चवर प्रेम करते. तरीही तिथे कोण गप्प बसवले गेले आहे हे सांगायचे विसरत नाही. दक्षिणेकडच्या राज्यांत तर गोऱ्यांच्या घरी कृष्णवर्णीयांनी पुढच्या दाराने यायचे नाही, मागच्या दाराने यायचे, हा अलिखित कायदाच होता. त्यांच्या पोर्चलाही पुढचे आणि मागचे होते.

आपल्या पडवीच्या लेखांना मी प्रेमाबद्दल दोष देत नाही. प्रेम हर्स्टनचेही आहे. आपले प्रेम आंधळेही नाही. ते डोळे असून पुढच्याच बाजूला पाहते, हा माझा आक्षेप आहे.

५

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे. ते तीन आहेत आणि त्यांतला एक मला मान्य आहे.

पहिला मुद्दा आतिथ्याचा. वाटसरू पडवीत टेके, पाणी पिई, ऊन उतरले की पुढे जाई. आता त्याने कुठे टेकावे? मी विचारते, वाटसरूला पाणी कुठल्या भांड्यातून मिळे? जातीप्रमाणे भांडे ठरत असेल, आणि ते ठरत होते, तर ते पाणी होते, आतिथ्य नव्हे.

दुसरा मुद्दा नव्या समीक्षेतून आलेला आहे. पडवी ही ‘उंबरठ्यावरची जागा’, ना आत ना बाहेर, सीमारेषा पुसून टाकणारी, म्हणून सर्जनशील. शोधनिबंधांत हे वाक्य आता इतक्या वेळा येते, की विद्यार्थी ते पाठ करतात. घराच्या पायऱ्या मोजल्या असत्या तर हे वाक्य लिहिले गेले नसते. पडवी सीमारेषा पुसत नव्हती. एका रेषेच्या जागी ती चार रेषा आखत होती. उंबरा एक असता तर माणूस आत किंवा बाहेर असता. पडवीमुळे त्याला थोडा आत, आणखी थोडा आत, असे मापाने कापून ठेवता आले. आणि सीमेवरची जागा सर्जनशील कुणाला वाटते? ज्याला हवे तेव्हा आत जाता येते त्याला. चार दिवस तिथेच बसणे भाग असलेल्या बाईला ती कशी वाटत होती, हे आईने सांगितलेच.

तिसरा मुद्दा हवामानाचा आहे आणि तो खरा आहे. पडवी भिंतींना पावसापासून वाचवते, उन्हापासूनही वाचवते. ती बंद केली की आतले घर गुदमरू शकते. हे मला बांधकाम करतानाच शिकायला मिळाले आणि ते इथे सांगते, कारण सरकत्या खिडक्यांवर हसणाऱ्या लेखकांनी याचा कधी शोध घेतलेला नाही.

गावोगाव पडव्या बंद होताना ज्या चुका होतात त्या साध्या आहेत. पहिली चूक, पडवीची जमीन भरून ओटीच्या पातळीला आणणे. मग छप्पर डोक्याला लागते. ते वर उचलायचे तर उतार कमी होतो. आणि उतार कमी झाला की वाऱ्याचा पाऊस कौलांच्या सांध्यांतून उलटा आत शिरतो. आमच्या गवंड्याने जमीन भरू दिली नाही. ओटीच्या दोन पायऱ्या आहेत तशा ठेवल्या आणि आईला ओटीवर चढण्याची गरजच पडणार नाही अशी व्यवस्था केली : पलंग, कपाट, आणि एका कोपऱ्यात नवी न्हाणी, सगळे एकाच पातळीवर. दुसरी चूक, जांभ्याला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा. जांभा सच्छिद्र असतो. तो पावसाळ्यात ओल घेतो आणि नंतर सोडतो. सिमेंटने त्याचे तोंड बांधले की ओल आतच राहते, आणि दोन पावसाळ्यांत गिलाव्याला पोपडे धरतात. आम्ही चिरे उघडे ठेवून चुन्याने दरजा भरल्या. जमिनीखाली मात्र दगडाची सोलिंग, त्यावर प्लॅस्टिकचा जाड कागद आणि मग कोबा. कारण सारवलेल्या जमिनीतून वर चढणारी ओल आईच्या गुडघ्यांना सोसणारी नव्हती. तिसरी चूक त्या सरकत्या खिडक्यांची. दोन तावदानांची सरकती खिडकी कितीही उघडली तरी निम्मीच उघडते. निम्मा वारा कायमचा बंद. आम्ही फणसाच्या लाकडाची बाहेर उघडणारी दारे केली. पश्चिमेची पागोळी दोन फूट पुढे ओढली, म्हणजे जे काम पडवी करत होती ते आता छपराचा तो पुढे आलेला पदर करतो.

चौथी चूक आम्ही केलीच. माजघराला उजेड मिळे तो पडवी आणि ओटीतून. पडवीला भिंत आली आणि माजघर, जे आधीच काळोखे होते, ते दिवसाही दिवा लावण्याजोगे झाले. माजघरावर काचेची दोन कौले बसवून आणि ओटीच्या दारावर झरोका काढून ते पुष्कळ सुधारले; पूर्ववत झाले असे मी म्हणणार नाही. काहीतरी गेले. संध्याकाळी ओटीवर बसून अंगणापलीकडे दिसणारा उजेडाचा पट्टा गेला. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा आई नव्या खोलीत पलंगावर बसून होती, खिडक्यांना कड्या होत्या आणि तिने मला फोनवर सांगितले, की आवाज फार आहे पण काही उडालेले नाही. तो पट्टा आणि ही कडी यांत मला निवड करायची होती. मी केली, आणि तिच्याबद्दल मी क्षमा मागणार नाही.

६

वाङ्मयाच्या अंगाने मला जे म्हणायचे आहे ते आता म्हणता येईल.

आपल्या अभ्यासक्रमात घर हा विषय आला की तो ‘वास्तूशी निगडित भावबंध’ या मथळ्याखाली येतो. भावबंध कुणाचे, हे विचारले जात नाही. मराठीतल्या चांगल्या लेखकांनी मात्र ते विचारले आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाने अख्खे घर वेठीस धरलेले दिसते, त्या घरात खेळणाऱ्या मुलीला प्रत्येक जागा ही शिवण्या-न शिवण्याची जागा आहे. लक्ष्मीबाई ते हसत सांगतात, आणि म्हणून ते विसरता येत नाही. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’ला आपण ‘ढासळत्या वाड्याची शोकांतिका’ म्हणून परीक्षेत पाच गुण देतो. नाटक नीट वाचले तर ते वाड्यासाठी रडत नाही. शिकायची इच्छा असलेल्या प्रभाला त्या वाड्याने शिकू दिले नाही. वहिनीचे आयुष्य त्याच्या ओझ्याखाली वाकले. भिंती पडतात त्याचे दुःख आहेच, पण त्या उभ्या होत्या तेव्हा आत काय चालले होते, हे नाटककार आपल्याला चुकवू देत नाही.

म्हणजे पडवीवर लिहू नये, असे माझे म्हणणे नाही. लिहावे; पण दोन्ही पडव्यांवर लिहावे. स्मृती ही साहित्याची सामग्री आहे, हे खरे. तथापि स्मृती कुठे बसून साठवली गेली, हेही लेखकाने सांगितले पाहिजे. झोपाळ्यावर बसून साठवलेली स्मृती आणि पायरीखाली उभे राहून साठवलेली स्मृती यांना एकच ‘आपण’ हे सर्वनाम चालत नाही. ‘आपल्या पडव्या गेल्या’ या वाक्यातला ‘आपल्या’ हा शब्द तपासायला लावणे, हे मराठीच्या प्राध्यापकाचे काम आहे. पडवी राखणे हे नव्हे.

गेली तीन वर्षे मी पदवीच्या वर्गात एक साधी गोष्ट करते. घराचे वर्णन असलेला कुठलाही उतारा घेतला की मुलांना फळ्यावर त्या घराचा नकाशा काढायला लावते, आणि मग प्रत्येक पात्र त्या नकाशावर कुठपर्यंत येते तिथे खूण करायला सांगते. पाच मिनिटांचे काम. पहिल्या वर्षी एका विद्यार्थिनीने खडू हातात घेऊन विचारले, “मॅडम, या घरात काम करणारी बाई जेवते कुठे?” उताऱ्यात ती भांडी घासते, पाणी भरते, बाळाला न्हाऊ घालते, जेवत नाही. लेखकाला ते दिसले नव्हते. इतकी वर्षे तो उतारा शिकवणाऱ्या मलाही दिसले नव्हते. ती मुलगी पहिल्या बाकावर बसणारी नव्हती.

७

एवढे लिहून थांबले असते तर हा लेख मला सोयीचा झाला असता. पण ज्या सोयीवर टीका केली तीच आपण घ्यावी, हे बरे नाही. म्हणून शेवटची हकीकत.

आमच्या घरी बौद्धवाडीतल्या एक मावशी तीस वर्षे कामाला येत आहेत. त्या पडवीच्या पायरीवर बसत, चहा पीत. त्यांचा कप निराळा. कान तुटलेला, पडवीच्या कोनाड्यात पालथा ठेवलेला. हे मी लहानपणापासून पाहिले आणि माझ्या त्या वार्षिकांकातल्या लेखात कोनाड्याचे वर्णन होते, पणतीसकट, कपाचे नव्हते.

पडवीची खोली झाली आणि कोनाडा आत आला. मला वाटले, प्रश्न मिटला. मिटला नाही. गवंड्याने नव्या दाराबाहेर पाच इंचांची सिमेंटची पायरी केली होती. पहिल्या दिवशी मावशी त्या पायरीवर बसल्या. भिंतीने रेष पुसली नाही, चार फूट बाहेर सरकवली. पडवी पाडल्याने जात जाते असा माझा दावा आहे, असे कुणी समजू नये. मला तो करता येणार नाही. त्या पायरीने तो खोटा पाडला आहे.

पुढे आईला पलंगावरून उठताना आधार लागू लागला. मावशींनी तिचा हात धरायचा तर त्या बाहेर कशा राहणार? त्या आत आल्या. तत्त्व म्हणून नव्हे, गुडघे म्हणून. आता त्या पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसतात आणि दोघी दूरदर्शन मालिकांतल्या सुनांना नावे ठेवतात. आईने मनातून काय सोडले आणि काय धरून ठेवले आहे, हे मला विचारता आलेले नाही.

कपाचे मी केले ते सांगते. तो कप मी फोडायला हवा होता, आणि का फोडते ते आईसमोर बोलायला हवे होते. मी तसे केले नाही. एका दुपारी आई झोपली असताना तो उचलला आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर इतर कपांच्या मागे नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी मावशींनी तो शोधला. कोनाड्यात हात घालून चाचपडल्या, मग माझ्याकडे पाहिले. मी चांगल्या कपात चहा पुढे केला. त्यांनी घेतला आणि म्हणाल्या, “तो कुठे गेला?”

मी म्हटले, “फुटला.”